जुने घरचे फोटो: ट्रंकेतून स्कॅनरवर, स्कॅनरवरून भिंतीवर

या कामातलं सगळ्यात मोठं नुकसान बहुधा पहिल्या अर्ध्या तासातच होतं. माळ्यावरून जुनी तसबीर खाली येते, मागचे खिळे उचकटले जातात, पुठ्ठा निघतो, आणि फोटो ओढला की चेहऱ्यावरचा पापुद्रा काचेलाच राहतो. कितीतरी पावसाळे काचेला टेकून काढलेला फोटो तिथे चिकटलेला असणार, असं धरूनच चालावं. ज्या माणसाचा तो एकच फोटो घरात होता, त्याचा चेहरा असा गेला की परत मिळत नाही.

म्हणून आधी एक गोष्ट पक्की ठरवा. मूळ फोटोला फक्त धूळ झटकण्यापुरता हात लावायचा, बाकी जी काय दुरुस्ती असेल ती स्कॅनवर. भिंतीवर छापील प्रत जाईल आणि मूळ फोटो पाकिटात परत जाईल.

खाली नऊ फोटोंच्या भिंतीचं उदाहरण धरलं आहे. मधे उभा मोठा फोटो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना चार-चार छोटे. सोफ्यामागच्या नऊ-दहा फुटी भिंतीवर ही मांडणी नीट बसते. भिंत लहान असेल तर एका बाजूची एक रांग कमी करा, मापं तीच राहतील.

फोटो बाहेर काढणं

शक्यतो दिवाळीनंतर, नोव्हेंबर ते फेब्रुवारीत हे काम काढा. जुन्या फोटोची प्रतिमा कागदावरच्या जिलेटिनच्या पातळ थरात असते. दमट हवेत हा थर फुगतो, मऊ होतो, काचेला किंवा शेजारच्या फोटोला धरतो. कोकणात आणि मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये अल्बम उघडायला घेणं म्हणजे संकट ओढवून घेणं.

साधनं फार लागत नाहीत. मेकअपचा नवा कोरा मऊ ब्रश, कॅमेरावाले वापरतात तो रबरी हवेचा फुगा, स्कॅनरच्या काचेसाठी मायक्रोफायबरचं कापड, काळ्या कार्डशीटचा एक तुकडा, २बी पेन्सिल आणि साधी कागदी पाकिटं. हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करा आणि फोटो कडेला धरून उचला. बोटाचा तेलकट ठसा आज दिसत नाही, काही वर्षांनी तिथेच डाग उमटतो.

पाणी, स्पिरिट, थुंकी, खोडरबर यांतलं काहीही फोटोच्या दर्शनी बाजूला लावू नका. बुरशी आलेली असेल तर विशेष जपा. बुरशी जिलेटिन खाते, आणि बुरशीने खाल्लेलं जिलेटिन पाण्यात विरघळतं. ओल्या बोळ्याने पुसलंत तर बुरशीबरोबर चित्रही पुसलं जाईल. असा फोटो उन्हात नव्हे, पण कोरड्या मोकळ्या हवेत दिवसभर ठेवा, मग तोंडावर मास्क लावून, घराबाहेर, ब्रशने हलकेच झटका.

पुराचं पाणी शिरलेल्या घराची गोष्ट वेगळी. २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरात कोल्हापूर-सांगलीकडे घरंच्या घरं पाण्यात होती. अशा वेळी भिजलेल्या फोटोंचा गठ्ठा तसाच वाळू दिला तर त्याची वीट होते. फोटो ओले असतानाच गार स्वच्छ पाण्याच्या घमेल्यात सोडून एकेक सुटा करायचा आणि चित्र वर ठेवून टिपकागदावर सावलीत वाळवायचा. दोन दिवसांत हे जमण्यासारखं नसेल, तर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवायचा आणि सवडीने सोडवायचा.

अल्बमचे प्रकार दोन. काळ्या जाड कागदाचा, कोपऱ्यांत त्रिकोणी खोपे लावलेला अल्बम हा फोटोचा मित्र. खोप्यातून फोटो सरकवून काढा. पारदर्शक पानाखाली चिकट पट्ट्यांवर फोटो बसवायचे ते अल्बम मात्र फोटोचा जीव घेतात. तिथला डिंक वर्षांनुवर्षं घट्ट होत जातो. फोटो वाकवून उपटू नका, त्याच्या एका कोपऱ्याखालून दात साफ करायचा फ्लॉसचा धागा घालून करवतीसारखा मागेपुढे चालवा. धागा अडला तर थांबा आणि फोटो पानासकट स्कॅनरवर ठेवा. खळीने चिकटवलेल्या फोटोंनाही हेच लागू.

आणि दुकानात जाऊन मूळ फोटो लॅमिनेट करून आणू नका. उष्णता आणि गोंद मिळून जे होतं ते उलट फिरवता येत नाही.

पाठीमागचं लिखाण आणि नावं

हा भाग स्कॅनिंगच्या आधी करा, कारण नावं सांगणारी माणसं स्कॅनरपेक्षा दुर्मीळ आहेत. घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला दुपारच्या चहानंतर एक तास बसवा, मोबाइलवर आवाजाचं रेकॉर्डिंग लावा आणि फोटो एकेक करून हातात द्या. एका बैठकीत वीस-पंचवीस फोटोंच्या वर जाऊ नका. दमलेला माणूस ‘हो, तोच असेल’ म्हणायला लागतो, आणि त्या ‘असेल’चं पुढे ‘आहे’ होतं.

ग्रुप फोटोत नावं जुन्या छापील पद्धतीनेच लिहा: ‘खुर्चीवर बसलेले, डावीकडून’, ‘मागे उभे, डावीकडून’, ‘खाली बसलेले’. डावीकडून म्हणजे पाहणाऱ्याच्या डावीकडून. ज्याचं नाव कळलं नाही त्याची जागा मोकळी ठेवा, पण मोजा: ‘३ – नाव माहीत नाही’. नाहीतर पुढची सगळी नावं एकेक माणूस सरकतात.

‘माई’, ‘अक्का’, ‘नाना’, ‘भाऊ’ एवढंच लिहून भागत नाही. प्रत्येक फांदीत एक माई असते. बाईचं नाव लिहिताना माहेरचं आणि सासरचं अशी दोन्ही नावं लिहा. लग्नात नाव बदललेली बाई लहानपणीच्या फोटोत एका नावाने आणि संसारातल्या फोटोत दुसऱ्या नावाने येते, आणि दोन पिढ्यांनी नातवंडांना त्या दोन वेगळ्या बायका वाटतात.

फोटोच्या पाठीवर वळणदार, सलग, वरच्या रेघेला लटकलेलं अगम्य लिखाण असेल तर ते बहुधा मोडी असतं. त्याचा वेगळा, ठळक स्कॅन घेऊन मोडी वाचणाऱ्याला दाखवा. तारीख शकात दिली असेल तर शकात ७८ मिळवा. मात्र तिथी जानेवारी ते गुढीपाडवा या काळातली असेल तर ७९. म्हणजे शके १८६७ चा वैशाख हा १९४५ सालचा, आणि त्याच शकातला फाल्गुन १९४६ सालचा. वर्षच लिहिलेलं नसेल तर पुठ्ठ्यावरचा स्टुडिओचा शिक्का, गावाचं नाव, मुलांची वयं यांवरून ‘१९५५च्या सुमारास’ असं लिहावं. नेमकं वर्ष ठोकून देऊ नये.

प्रत्येक फोटोला तीन आकडी क्रमांक द्या. कागदी पाठ असेल तर कडेला २बी पेन्सिलने हलक्या हाताने लिहा. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उठतो, चेहऱ्यावर आडवी रेघ दिसते. १९७०च्या नंतरच्या गुळगुळीत, प्लॅस्टिकचा लेप असलेल्या कागदावर पेन्सिल उमटत नाही. तिथे क्रमांक पाकिटावर घाला.

स्कॅनर कोणता, आणि किती डीपीआय

सपाट काचेचा स्कॅनर हवा. कागद ओढून घेणाऱ्या फीडरमध्ये जुना फोटो कधीही घालू नका. कॅनन लाइड ३०० किंवा एप्सन व्ही३९ यांसारखे पातळ स्कॅनर सुट्या, सपाट फोटोंना पुरतात. त्यांची अडचण एकच: काचेपासून जरा वर उचललेली वस्तू त्यांना धूसर दिसते. कडा वळलेला फोटो, जाड पुठ्ठ्यावर डकवलेला आणि धनुष्यासारखा वाकलेला फोटो, फ्रेममधला फोटो, हे सगळे त्यांवर मऊ येतात. घरच्या प्रिंटरच्या डोक्यावरचा स्कॅनरही बहुधा याच जातीचा. एप्सन व्ही६०० सारख्या जाड स्कॅनरला खोली जास्त पेलते आणि झाकणात दिवा असल्यामुळे निगेटिव्हही होतात. तो विकत घ्यायची गरज नाही. नात्यात, मित्रांत किंवा फोटोवाल्याकडे दोन दिवसांसाठी मिळतो का पाहा.

डीपीआय म्हणजे एका इंचात किती ठिपके टिपायचे तो आकडा. त्याचा हिशेब सोपा आहे. छापायच्या फोटोची लांबी इंचांत घ्या, ३०० ने गुणा आणि मूळ फोटोच्या लांबीने भागा.

दोन इंची फोटो आठ इंच करायचा असेल तर ८ × ३०० ÷ २ = १२०० डीपीआय. आपल्या मांडणीतला मधला फोटो १२ बाय १६ इंच आहे. तिथे समजा जुन्या स्टुडिओतला जोडप्याचा उभा फोटो लावायचा आहे, आजोबा खुर्चीवर आणि आजी शेजारी उभी, चित्र साधारण ४ बाय साडेपाच. १६ × ३०० ÷ ५.५ म्हणजे जवळपास ८७३. स्कॅनरवर १२०० लावा. काचेच्या किंवा मोठ्या निगेटिव्हवरून थेट छापलेल्या अशा फोटोंत तपशील भरपूर असतो, ते तिप्पट मोठे झाले तरी टिकतात. १९८०च्या दशकातला लॅबमधला पोस्टकार्डएवढा रंगीत फोटो तेवढा ताणत नाही. त्याला ६०० पुरतं, त्याच्या वर नुसता कागदाचा पोत मोठा होतो.

कोणत्याही फोटोसाठी ६०० च्या खाली जाऊ नका. ४ बाय ६ इंचाचा फोटो ६०० डीपीआयला २४०० बाय ३६०० पिक्सेलचा होतो आणि टिफ (दर्जा न घटवता चित्र साठवणाऱ्या प्रकारची) फाइल साधारण २६ एमबीची. दोनशे फोटोंना पाच जीबीच्या थोडं वर. आजच्या पेनड्राइव्हला हे काहीच नाही, तेव्हा जागेसाठी काटकसर करू नका.

स्कॅनिंगच्या खिडकीत या गोष्टी करा:

– फाइल टिफ, रंगीत २४ बिट. काळा-पांढरा फोटोसुद्धा रंगीतच स्कॅन करा. का ते दुरुस्तीत कळेल.
– आपोआप रंग सुधारणं, धार काढणं, धूळ काढणं हे सगळं बंद. वर्तमानपत्रातलं कात्रण असेल तरच ठिपके घालवणारी ‘डीस्क्रीन’ची सोय चालू करा.
– फोटोच्या मागे काळी कार्डशीट ठेवा. कागद पातळ असला तर पाठचं लिखाण चेहऱ्यातून आरपार दिसतं, ते काळ्याने थांबतं.
– चारी बाजूंनी थोडी मोकळी जागा ठेवून, दातेरी कडा आणि स्टुडिओचा शिक्का यांसकट पूर्ण फोटो घ्या. कापायचं नंतर.
– पाठीवर अक्षर असेल तर पाठही ३०० डीपीआयला घ्या.

दर दहा फोटोंनंतर काच पुसा, पण द्रव काचेवर न फवारता कापडावर घेऊन. एकच ठिपका प्रत्येक फोटोत त्याच जागी येत असेल तर तो काचेवरची धूळ आहे. वरून खालपर्यंत एक सरळ रेघ प्रत्येक स्कॅनवर येत असेल, तर स्कॅनर सुरुवातीला स्वतःला जुळवून घेतो त्या टोकाच्या पट्टीजवळ कचरा आहे. काचेचं तेच टोक नीट पुसा.

दोन प्रकारचे फोटो हट्टीपणा करतात. जुन्या कृष्णधवल फोटोत काळ्या भागावर निळसर चांदीची झाक आलेली असते, कारण कागदातली चांदी वर येऊन आरशासारखी चमकते. स्कॅनरमध्ये ती झाक धुक्यासारखी उतरते. फोटो ९० अंशांत फिरवून पुन्हा घेऊन पाहा, नाहीतर पुढे सांगितलंय तसा कॅमेऱ्याने घ्या. दुसरा प्रकार म्हणजे १९७०–८०च्या दशकांतला मधमाशांच्या पोळ्यासारख्या खडबडीत पोताचा ‘सिल्क’ कागद. त्याच्या प्रत्येक उंचवट्यावर प्रकाश चमकतो. तो एकदा सरळ आणि एकदा १८० अंशांत उलटा स्कॅन करा, मग दोन्ही स्कॅन एकमेकांवर तंतोतंत बसवून वरच्याची पारदर्शकता ५० टक्के करा. चमक पुष्कळशी निघून जाते.

स्वच्छ करणं, ठेवणं, घेणं, नाव देणं मिळून एका फोटोला तीन-चार मिनिटं धरा. तासाला पंधरा-वीस. फाइलचं नाव इंग्रजी अक्षरांत आणि आकड्यांत, मधे मोकळी जागा न सोडता: वर्ष, मग क्रमांक. टिफच्या मूळ फाइली एका फोल्डरमध्ये ठेवून तिथे पुन्हा हात लावू नका. तीन प्रती करा, दोन वेगळ्या साधनांवर, आणि त्यांतली एक दुसऱ्या गावी.

काचेमागचा फोटो, काकांच्या घरचा फोटो

काचेला चिकटलेला, किंवा ज्याची फ्रेम उघडायला घरचे तयार नाहीत तो फोटो काचेतूनच घ्या. वरच्या काचेवर कुंकवाची बोटं असतील, हाराच्या दोऱ्याच्या खुणा असतील, उदबत्तीची काजळी असेल. ती पुसण्यापूर्वी घरच्यांना विचारा, आणि पुसताना कापड फक्त जरासं दमट असू द्या, कारण फ्रेमच्या खाचेतून पाणी आत उतरलं की थेट फोटोत जातं. जुन्या फ्रेमवर खालच्या कडेने वर चढलेला तपकिरी डाग दिसतो, तो पुष्कळदा अशाच पुसण्याने आलेला असतो.

पडवीत किंवा खिडकीजवळ, थेट ऊन नसलेल्या जागी फ्रेम भिंतीला टेकवून उभी करा. उजेड एका बाजूने यावा. तुमच्या पाठीमागे जे काही उजळ आहे ते काचेत दिसणारच. म्हणून एक मोठं काळं कापड घ्या, मध्यावर मोबाइलच्या भिंगापुरतं भोक पाडा, दोघांनी ते कापड दोन टोकांना धरून उभं राहा आणि भोकातून फोटो घ्या. काचेतलं प्रतिबिंब नाहीसं होतं. फ्लॅश बंद. मोबाइल फ्रेमला समांतर, आणि अगदी जवळ जाण्यापेक्षा थोडं मागे सरून २एक्स भिंग वापरा, म्हणजे कडा फुगत नाहीत. १२ मेगापिक्सेलचा असा फोटो ४००० बाय ३००० पिक्सेलचा, तो ३०० ने १३ बाय १० इंच छापता येतो.

परगावच्या नातेवाइकांकडून फोटो मागवताना एकच गोष्ट नीट समजावून सांगा: व्हॉट्सअ‍ॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. साधा पाठवला की अ‍ॅप तो लहान करून पाठवतं, आणि भिंतीवर तो डाळीच्या पिठासारखा सपाट दिसतो.

निगेटिव्ह मिळाली तर

फोटोपेक्षा निगेटिव्ह नेहमी सरस. आपल्याकडे आग्फा क्लिक थ्री कॅमेरे घरोघर होते. त्यात १२० चा रोल बसायचा, ६ बाय ६ सेंटिमीटरचे बारा फोटो यायचे. असली निगेटिव्ह २४०० डीपीआयला स्कॅन केली की पाच हजारांहून जास्त पिक्सेल मिळतात, म्हणजे सतरा इंचांचा चौकोनी फोटो आरामात. ३५ मिलिमीटरच्या निगेटिव्हला ३२०० लावा. स्कॅनरमधली इन्फ्रारेडने धूळ काढायची सोय कृष्णधवल निगेटिव्हला लावू नका. तिच्यातली चांदीच इन्फ्रारेड अडवते, आणि यंत्र चेहऱ्यालाच धूळ समजून पुसायला लागतं. निगेटिव्हला व्हिनेगरसारखा आंबट वास येत असेल तर ती सडायला लागली आहे. सगळ्यात आधी तिचा नंबर लावा आणि ती बाकीच्यांपासून दूर ठेवा.

निगेटिव्ह उलटी ठेवली गेली तर माणूस डावा-उजवा होतो आणि कुणाच्या लक्षात येत नाही. तपासायला आपल्याकडे चांगल्या खुणा आहेत. नथ डाव्या नाकपुडीत, पदर सहसा डाव्या खांद्यावर, जानवं डाव्या खांद्यावरून उजव्या बाजूला. श्राद्धाच्या विधीचा फोटो असेल तर जानव्याची खूण चालत नाही, तेव्हा ते उजव्या खांद्यावर घेतात.

दुरुस्ती: थोडी, आणि चेहऱ्याला न धक्का लावता

जिम्प हा फुकट प्रोग्रॅम सगळ्याला पुरतो. टिफची प्रत काढा, सरळ करा, मग ‘लेव्हल्स’ (उजेड-अंधार जुळवायची सोय) उघडा. आलेखात डोंगर जिथे सुरू होतो तिथे डावा त्रिकोण, जिथे संपतो तिथे उजवा. त्याच्या आत जाऊ नका, नाहीतर पांढऱ्या धोतराच्या चुण्या आणि काळ्या कोटाची बटणं नाहीशी होतात.

पिवळट-तपकिरी डाग असलेला कृष्णधवल फोटो रंगीत स्कॅन केला होता तो इथे उपयोगी पडतो. रंगांचे लाल, हिरवा, निळा असे तीन थर वेगळे करून पाहा. पिवळा डाग निळ्या थरात काळाकुट्ट दिसतो आणि लाल थरात जवळजवळ नाहीसा होतो; लाल थर ठेवायचा, बाकीचे टाकायचे. चेहऱ्यावर निळ्या शाईचा शिंतोडा असेल तर उलट, निळा थर पाहा. एकेका डागावर शेजारचा भाग उचलून बसवत (‘क्लोन’ करत) राहण्याचे तास वाचतात.

१९७०–८०च्या दशकांतले रंगीत फोटो लालसर झालेले असतात, कारण त्यांतला निळसर-हिरवा रंग अंधारात ठेवलेल्या अल्बममध्येसुद्धा उडतो. लेव्हल्समध्ये फक्त लाल थर निवडा आणि डावा त्रिकोण आलेख सुरू होतो तिथपर्यंत उजवीकडे आणा. फोटो काळपटला तर मधला त्रिकोण जरा डावीकडे. साडी-शर्टाचे मूळ रंग पूर्ण येत नाहीत, पण कातडीचा रंग माणसासारखा होतो, आणि भिंतीवर तेवढं पुरे.

चिरा, घड्या, ठिपके हे हीलिंग ब्रशने, म्हणजे आजूबाजूच्या भागाशी जुळवून डाग बुजवणाऱ्या जिम्पमधल्या ब्रशने. शंभर टक्के मोठं करून एका कोपऱ्यातून सुरू करा, पण पार्श्वभूमीवरच हात मोकळा सोडा. डोळे, ओठ, नाकाची कड यांवरून चीर जात असेल तर ब्रश अगदी बारीक घ्या, आणि शंका आली तर चीर राहू द्या. चिरलेला खरा चेहरा दुरुस्त केलेल्या खोट्या चेहऱ्यापेक्षा मोलाचा.

याच कारणासाठी चेहरा ‘स्पष्ट’ करून देणारी एआयची अ‍ॅप भिंतीवरच्या फोटोंना वापरू नका. ग्रुपमधल्या माणसाचा चेहरा चाळीस पिक्सेल रुंद असेल तर त्यात डोळ्यांचा तपशील नसतोच. अ‍ॅप कुणाचे तरी डोळे, कुणाचे तरी दात आणून बसवतं. फोटो झकास दिसतो, आणि तो आपल्या पणजोबांचा राहत नाही. आपोआप रंग भरण्याचंही तेच: आजीची नऊवारी कोणत्या रंगाची होती हे प्रोग्रॅमला माहीत नाही. स्टुडिओतल्या कारागिराने त्या काळी हाताने रंगवलेला फोटो असेल तर मात्र तो तसाच छापा, त्याचा रंग काळा-पांढरा करू नका.

छपाई

मापं अशी. मोठा फोटो १२ बाय १६ इंच, छोटे आठ फोटो ८ बाय ६ इंच. हे मुद्दाम असं ठेवलं आहे: जवळपास प्रत्येक फोटो लॅबमध्ये १२ बाय १८ चा कागद निघतो. एका कागदावर मोठा फोटो, आणि एकेका कागदावर चार-चार छोटे बसतात. सगळी भिंत तीन कागदांत होते. प्रत्येक कागदावर दोन इंचांची पट्टी उरते, ती नंतर कापायची.

उभा फोटो छोट्या फ्रेममध्ये घालायचा असेल तर साडेचार बाय सहा छापा. बाजूंना माउंट (फोटोभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) जास्त दिसेल, ते वाईट दिसत नाही. पंधरा-वीस माणसांचा ग्रुप मात्र ८ बाय ६ मध्ये कोंबू नका. चेहरे हरभऱ्याएवढे होतात. त्याला वेगळी भिंत आणि किमान १२ बाय १८ द्या.

फाइल जेपेग, सगळ्यात वरच्या दर्जाची, एसआरजीबी (ही नेहमीची रंगव्यवस्था), ३०० डीपीआय, नेमक्या मापाची. पेनड्राइव्हवर न्या. लॅबवाल्याला सांगा: ‘करेक्शन करू नका, आहे तसं काढा.’ नाहीतर यंत्र प्रत्येक फोटो आपल्या मनाने उजळतं आणि नऊ फोटो नऊ सुरांत बोलतात.

स्क्रीन जास्त उजळ असल्यामुळे प्रिंट नेहमी अपेक्षेपेक्षा काळपट येते. म्हणून आधी ४ बाय ६ च्या एका कागदावर एकाच चेहऱ्याचे तीन तुकडे छापून घ्या: आहे तसा, थोडा उजळ, आणखी उजळ. ते दिवसाउजेडी, ज्या भिंतीवर लावायचे तिथे धरून पाहा. कृष्णधवल फोटोला रंगीत यंत्रावर हिरवट किंवा जांभळट छटा आलेली दिसेल तर तीही इथेच पकडा. सगळ्या कृष्णधवल फोटोंना एकसारखी किंचित उबदार, तपकिरी छटा दिली तर हा दोष लपतो आणि निरनिराळ्या काळांतले फोटो एका घरचे वाटतात.

कागद मॅट किंवा लस्टर (किंचित चमक असलेला), चकचकीत नको. जास्त खर्चाची तयारी असेल तर मोठा फोटो कापसाच्या कागदावर पिगमेंट शाईने छापून घ्या. फ्लेक्स आणि व्हिनाइल बॅनरवाल्यांसाठी राहू द्या.

फ्रेम आणि भिंत

फ्रेमची बाहेरची मापं: मोठी १८ बाय २२ इंच, छोट्या १२ बाय १०. माउंटबोर्ड आम्लविरहित मागा, खिडकी फोटोपेक्षा चारी बाजूंनी पाव इंचाच्या आसपास लहान कापायला सांगा, म्हणजे फोटोची कड झाकली जाईल. माउंट नुसता शोभेसाठी नाही: त्याच्यामुळे फोटो आणि काच यांच्यात फट राहते, आणि सुरुवातीला सांगितलेला चिकटण्याचा प्रकार पुन्हा होत नाही. फोटो माउंटला वरच्या कडेलाच दोन कागदी पट्ट्यांनी लटकवा. चारी बाजूंनी चिकटवला तर पावसाळ्यात फुगून लाटा येतात. मागे हार्डबोर्ड, कडेने तपकिरी कागदी टेप (कसर आणि झुरळं आत शिरत नाहीत), आणि खालच्या दोन कोपऱ्यांवर रबरी बटणं, म्हणजे फ्रेम भिंतीपासून सुटी राहते आणि मागे हवा खेळते.

पावसात ओल येणारी बाहेरची भिंत नको. पश्चिमेच्या खिडकीसमोरचीही नको, तिथे दोन उन्हाळ्यांत रंग उतरतो. काही घरांत गेलेल्या माणसांचे आणि हयात माणसांचे फोटो एका ओळीत लावत नाहीत. खिळे मारण्यापूर्वी घरातल्या मोठ्यांशी बोलून घ्या, म्हणजे नंतर काढावं लागत नाही.

मांडणीचा हिशेब: प्रत्येक बाजूला दोन फ्रेम शेजारी आणि दोन खाली, मधे सगळीकडे दोन इंच. १० अधिक २ अधिक १० म्हणजे २२ इंच, मोठ्या फ्रेमच्या उंचीएवढंच, त्यामुळे वरची आणि खालची कड सरळ रेषेत येते. एकूण रुंदी २६ अधिक २ अधिक १८ अधिक २ अधिक २६, म्हणजे ७४ इंच. मांडणीचा मध्य जमिनीपासून ५८ इंचांवर ठेवा: वरची कड ६९ वर, खालची ४७ वर. सोफ्याची पाठ ३६ इंचांची असली तरी अकरा इंच मोकळे राहतात आणि डोकी फ्रेमला लागत नाहीत.

वर्तमानपत्राचे नऊ तुकडे फ्रेमच्या मापाचे कापा, प्रत्येकावर क्रमांक लिहा आणि मास्किंग टेपने भिंतीवर लावून दोन दिवस राहू द्या. फ्रेमची वरची कड आणि मागची कडी किंवा ताणलेली तार यांतलं अंतर मोजून ते कागदावर खूण करा आणि कागदातूनच भोक पाडा. मोठ्या फ्रेमला दोन स्क्रू, ६ मिलिमीटरचा ड्रिल बिट आणि प्लॅस्टिकची गिट्टी. छोट्यांना एकेक काँक्रीटचा खिळा पुरतो. स्विचबोर्डच्या सरळ वर किंवा खाली भोक पाडू नका, वायर तिथूनच गेलेली असते. परदेशात जिप्समच्या पोकळ भिंती असतात, तिथे मोठी फ्रेम आतल्या लाकडी खांबावरच टांगा.

मूळ फोटो कागदी पाकिटांत, चित्राला चित्र न लावता, स्टीलच्या कपाटाच्या मधल्या कप्प्यात ठेवा. माळ्यावर उन्हाने तापतात, जमिनीलगत ओल धरते, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत दमटपणा कोंडतो.

शेवटी प्रत्येक फ्रेमच्या पाठीवर, हार्डबोर्डवर, एक कागद चिकटवा: फोटोचा क्रमांक, डावीकडून पूर्ण नावं, गाव, वर्ष, आणि मूळ फोटो कुणाच्या घरी आहे ते.